खाचेचा स्क्रूड्रायव्हर

सासऱ्यांचा मोडका स्क्रूड्रायव्हर मी ग्राइंडरवर घासून सरळ करून दिला. तो मोडका नव्हता.

आज बायकोच्या शिलाई मशीनला तेल सोडलं आणि त्या वासासरशी मी पुन्हा वडूजला सासऱ्यांच्या ओसरीत जाऊन उभा राहिलो. सासरे पलटणीत रायफली दुरुस्त करायचे. पात्याच्या टोकाची ती खाच जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या एका नटासाठीच पाडलेली होती. तसलं खाचेचं हत्यार बनायचं केव्हाच थांबलं होतं, म्हणून पेन्शनीतही साताऱ्याहून पोलिसांच्या रायफलींसाठी त्यांनाच बोलावणं यायचं.

त्या सकाळी जीप दारात उभी होती. मी नवा जावई, शाबासकीच्या आशेनं हत्यार पुढे केलं. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि जीप रिकामीच परत पाठवली. त्यानंतर जीप कधी आली नाही. पुढं त्या रायफलीही भंगारात गेल्या. मला मात्र तेव्हा वाटलं होतं, दहा-वीस रुपयांची तर वस्तू.

"मामा, दुसरा आणून देतो की."

तेलाच्या फडक्याची घडी घालत ते म्हणाले, "रायफलीला हत्यार तरी हुतं, पाव्हणं. तुमच्या डोस्क्यासाठी मिलट्रीनंबी काय काढलं न्हाई."