वांगे बंद

त्वचेवर संशोधन करते म्हटलं की लोकांना वाटतं मी गोरं व्हायचं मलम शोधतेय. माझं काम त्याहून खाजरं आहे. काही माणसांच्या अंगावर पित्त उठतं, लाल गांधी येतात, चार तासांत मावळतात, मग दुसरीकडे उठतात, आणि हा छळ वर्षानुवर्षं चालतो. मी त्याचं कारण शोधते. राहते अमरावतीला, पेशंट तपासायला जाते अकोल्यात, जठारपेठेतल्या दवाखान्यात.

तिथे एकदा तेल्हाऱ्याकडच्या एक काकू आल्या. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत, आणि दोन्ही हातांवर बॉलपेननं काढलेले गोलच गोल. प्रत्येक गोलाशेजारी वेळ लिहिलेली.

"तुमच्याकडे आलं का पित्ती गायब होते, मॅडम. मंग घरचे म्हणतात, हिले काईच होत नाई. म्हणून गोल काढून आणले."

गांधीभोवती पेनानं गोल काढा आणि ती किती वेळ टिकते ते बघा, हे मी विद्यार्थ्यांना घसा फोडून शिकवते. काकूंना कोणीच शिकवलं नव्हतं. मी जाम खूश झाले.

माझी खुशी फार टिकली नाही. काकूंनी पिशवीतून लॅमिनेशन केलेला एक कागद काढला. बारा वर्षांपूर्वीची चिठ्ठी. वर गोळीचं नाव, खाली 'वांगे बंद', दोन रेघांनी अधोरेखित. त्याखाली सही माझीच.

तेव्हा मी नवी नवी डॉक्टर होते. पित्त उठलं की वांगं बंद, हे लहानपणापासून घरात ऐकलेलं. तेच डोळे झाकून लिहून टाकलं होतं.

"तेव्हापासून खाल्लंच नाही?" मी विचारलं.

"एक फोडबी नाई. शेतात रोडग्याची पंगत राह्यते, तिथं वांग्याची भाजी मीच करतो. पण वासावर. चाखत नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईच्या हातची भाजी सगळं गाव खातं, तिलाच मी त्या भाजीपासून तोडलं होतं.

मग तपासणी केली. काकूंचंच रक्त काढलं, त्यातलं वरचं पाणी वेगळं केलं आणि थेंबभर त्यांच्याच हातात टोचलं. शेजारी साधं सलाईन टोचलं. अर्ध्या तासानं सलाईनची जागा तशीच होती, दुसरी जागा लाल होऊन टम्म फुगली होती.

"बघा काकू, तुमचं शरीर स्वतःवरच उठलंय. वांग्याचा यात काही संबंध नाही."

"म्हंजे भांडण घरातलं," काकू म्हणाल्या, "अन् आमी मारून राह्यलो शेजाऱ्याले!"

गोळ्या वाढवल्या. दोनेक महिन्यांत गोल काढायचं काम संपलं. वांगं मात्र काही ताटात येईना. "तुमी बाजूले बसान तं खाईन," काकूंनी सांगून टाकलं.

हिवाळ्यातल्या पंगतीला मी गेले. पर्समध्ये इंजेक्शन घेऊन. भीती वांग्याची नव्हती, योगायोगाची होती. त्या दिवशी नेमकी एखादी गांध उठली असती, तर वांगं जन्मभरासाठी गुन्हेगार ठरलं असतं आणि काकू पुन्हा वासावर आल्या असत्या.

गोवऱ्यांच्या विस्तवातून रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजून निघाले, त्यावर तूप पडलं, भाजी वाढली गेली. काकूंनी घास घेतला. चावला. आणि थांबल्या. माझा हात पर्सकडे गेला.

"मीठ," काकू म्हणाल्या. "लय जास्त हाय." मग नवऱ्याकडे वळल्या. "दरसाली असंच राह्यते काय?"

काका ताटातच बघत होते. "राह्यते थोडं. तू तं खात नव्हती. तुले काहून दुखवाचं?"

सगळी पंगत हसली. काकू तर इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. तासभर मी त्यांचे हात निरखत होते, एकही गांध उठली नाही. ती खारट भाजी मी दोनदा मागून घेतली. कुठल्याच शोधनिबंधानं मला एवढा आनंद दिलेला नाही.

निघताना मी काकूंची माफी मागितली आणि ती चिठ्ठी परत मागितली. फाडून टाकायची होती. काकूंनी ती दिली नाही.

"राहू द्या मॅडम. माह्या भाजीले कोणी बोललं नाई, तुमच्या चिठ्ठीलेबी कोणी बोललं नाई. पुढच्या साली मी मीठ चाखून टाकीन. तुमीबी लिहाच्या आधी चाखत जा."