चार बोटं दिवस

एवढी वर्षं झाली, तरी ते बोटांचं प्रकरण आठवलं की मला हसू येतं आणि लगेच कानही गरम होतात. सत्तरच्या दशकात वऱ्हाडातल्या मालेगावजवळच्या एका ठाण्यात मी नवाकोरा फौजदार होतो.

मे महिना होता. सकाळीच एक मोठा शेतकरी फिर्याद घेऊन आला. आदल्या संध्याकाळी त्याचा बैल चोरीला गेला होता. बैल ओढून नेणारा माणूस त्याने लांबून पाहिला होता आणि पागोट्यावरून तो आपलाच सालगडी, असं त्याचं म्हणणं होतं. "बरोब्बर पाच वाजले होते, साहेब," तो मनगट पुढे करून म्हणाला. गावात घड्याळ तेवढं एकच. मी खूश झालो. इतकी नेमकी वेळ सांगणारा साक्षीदार खेड्यात सहसा मिळत नसे.

सालगड्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी वाशीमच्या कोर्टात हजर करून कोठडी मागायची, असं ठरलं. तो रडकुंडीला आला. "परवा पोरीचं लगन हाये, साहेब. मी कायले चोरू मालकाचा बैल? मी तं नाल्यावर बुढीपाशी बसलो होतो. इचारा तिले."

बुढी म्हणजे गावची ढोरं चारणारी म्हातारी. हा तुझ्याकडे किती वाजता आला, असं विचारलं तर म्हणाली, "दिवस चार बोटं होता."

मला हसू आवरेना. हवालदाराने समजावलं. हात लांब करून सूर्य आणि जमीन यांच्यामध्ये बोटं आडवी धरायची. एक बोट म्हणजे पाव तास. चार बोटं म्हणजे दिवस बुडायला एक तास, म्हणजे सहाचा सुमार.

"मग पाचला चोरी करून सहाला तुझ्याकडे आला असेल," मी म्हणालो.

"तुह्या घड्याळाले चाबी द्या लागते, बावा," बुढी म्हणाली. "सूर्याले कोन देते?"

संध्याकाळी पंचनाम्यासाठी मालकाच्या शेतात गेलो, बुढीलाही बरोबर नेलं. तिची जिरवावी म्हणून तिला सूर्यापुढे बोटं धरायला लावली. "चार बोटं," ती म्हणाली. बरोबर तासाने सूर्य बुडाला. मी घड्याळ बाहीत लपवत होतो, तेवढ्यात मालकाने आपलं घड्याळ काढून काटे फिरवायला सुरुवात केली.

"हे काय करता?"

"दिवस बुडाला न, साहेब. सहा वाजवून राह्यलो. रोजच वाजवतो."

माझ्या घड्याळात सात वाजायला आले होते. हवालदाराने पंचनाम्याचा कागद तोंडावर धरला. मालकाचे पाच म्हणजे खरे सहा. बैल जात होता तेव्हा सालगडी बुढीपाशीच होता.

मग बैल नेला कुणी? तेव्हा कुठे मला मोकाट जनावरं डांबतात तो कोंडवाडा आठवला. शेजारच्या गावी सायकलवर माणूस पाठवला. बैल तिथे कडबा खात उभा! वांग्याच्या वाडीत शिरला म्हणून त्या गावच्या कोतवालाने धरून नेला होता. पागोटं तेवढं सालगड्यासारखं. सगळ्यात आधी करायची चौकशी मी सगळ्यात शेवटी केली होती, आणि ती केलीच नसती तर एका बापाने पोरीचं लग्न कोठडीतून ऐकलं असतं. मी त्याला सोडलं, डायरीत नोंद केली आणि त्याची माफी मागितली. अंगावर वर्दी असताना ते फार जड जातं.

पुढे नोकरीभर कुणीही वेळ सांगितली की मी आधी विचारायचो, "कशावरून?"

लग्नाला त्याने आग्रहाने बोलावलं. गोरज मुहूर्त होता. भटजींनी विचारलं, "झाली का वेळ?" मालकाने आणि मी एकदमच मनगट वर केलं. वधूपित्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने बुढीकडे पाहिलं. तिने हात लांब केला.

"एक बोट हाये अजून. बसा गुपचूप."

आम्ही दोघेही बसलो.