रामरतीला दिलेलं वाक्य

लतिकाबाई मोहित्यांनी आयुष्यात शेकड्यांनी साक्षी दिल्या होत्या, पण खऱ्या कोर्टात एकही नाही.

लखनऊच्या महानगर भागात चंद्रहास राजोपाध्ये वकिलांचं चेंबर होतं. तिथे फायलींच्या कपाटासमोर एक वेताची खुर्ची असायची. तोच बाईंचा पिंजरा. उद्या ज्याची उलटतपासणी घ्यायची, त्याचा पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब बाई आज दोनदा वाचायच्या आणि त्या खुर्चीत तो माणूस होऊन बसायच्या. कधी तोतरा चौकीदार, कधी मिजासखोर डॉक्टर, कधी सुनेच्या नावाने बोटं मोडणारी सासू. साहेब प्रश्नांची सरबत्ती करायचे, बाई त्यांना पुरून उरायच्या.

"तुम्ही खऱ्या साक्षीदारापेक्षा चिवट आहात हो," साहेब म्हणायचे. बाईंना त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

बाई मूळच्या कोरेगावच्या. नवरा हणमंत फौजेत, शेवटची बदली लखनऊ छावणीत. निवृत्त झाला तेव्हा लेक अवनी दहावीला होती, म्हणून आलमबागेत दोन खोल्या घेतल्या आणि इथलेच झाले. गणपतीत मराठी मंडळींनी बसवलेल्या नाटकात बाईंनी खाष्ट मामी केली. पहिल्या रांगेत राजोपाध्ये बसले होते. वडील इथल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, त्यामुळे साहेब जन्मापासून लखनवी. पण मराठी ऐकलं की माणूस विरघळायचा. पडदा पडल्यावर आत येऊन त्यांनी विचारलं, टायपिंग येतं का. येत होतं.

तेव्हापासून तेरा वर्षं. खून, दरोडा, दंगल. ज्याला कुणी वाचवू शकत नाही त्याला राजोपाध्ये वाचवतात, असं अख्खं शहर म्हणायचं. भर कोर्टात साहेब बाईंशी मराठीत बोलायचे. समोरच्या वकिलाच्या नाकाखाली सगळे डावपेच ठरायचे. कुणी विचारलंच, साहब ने क्या कहा, तर बाई शांतपणे सांगायच्या, दवाई का टाइम पूछ रहे हैं. त्या मराठीची दोघांना इतकी सवय झाली होती, की ती दुसऱ्या कुणाला कळू शकते हेच विसरायला झालं होतं.

त्यातच रामरतीची केस आली.

एका ठेकेदाराच्या मुलाने वरातीत मौजेखातर गोळी झाडली आणि बँडमधला क्लॅरिनेटवाला गेला. मुलाचं वकीलपत्र साहेबांकडे आलं. गोळी कुणी झाडली ते रामरतीने पाहिलं होतं. वरातीत डोक्यावर दिव्याचं झाड घेऊन चालणाऱ्या बायका असतात, त्यांतली ती एक. साक्षीच्या आठवडाभर आधी ठेकेदाराची माणसं तिला चेंबरमध्ये घेऊन आली. तिला वेताच्या खुर्चीत बसवलं आणि साहेबांनी बाईंना खूण केली, हिची तयारी करून घ्या.

रामरती नुसतं "नहीं देखा" म्हणायची आणि आवाज कापायचा. खोटं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. तेव्हा बाईंना सुचलं. नाटकात सुचतं तसं, आपसूक. "ऐसे बोलो, जिसके सिर पर रोशनी हो, उसे सामने का नहीं दिखता." रामरतीने एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा ते तिचंच वाटायला लागलं. भीती वाटली तर समोरच्या भिंतीकडे बघ, हेही बाईंनीच शिकवलं.

कोर्टात ते वाक्य बरोबर लागलं. मुलगा सुटला. साहेब गाडीत म्हणाले, "अच्छा, काय वाक्य होतं बाई." आणि बाई, देवाशप्पथ, खूष झाल्या होत्या.

दोन वर्षांनी रामरतीनेच तक्रार केली, की मला धमकावून, पढवून खोटं बोलायला लावलं. चौकशी झाली आणि नामांकित वकील स्वतःच आरोपी झाले. तपासात बाईंनी पोलिसांना सांगितलं, रामरती आपली आपण आली होती, कुणी काही शिकवलं नाही. साहेबांशी ठरलं होतं तसंच. आता तेच शपथेवर सांगायचं होतं. नाहीतर साहेब तुरुंगात, आणि बाईही कुठे सुटणार होत्या?

साक्षीच्या सकाळी हणमंतरावांनी चहा पुढे ठेवला.

"काय ठरवलंस?"

"साहेबांनी आपल्याला उभं केलं."

"केलं की. अवनीची फी भरली, माझ्या ऑपरेशनचा खर्च केला." ते बशीत चहा ओतत राहिले. "मी कुठं नाही म्हणतोय. तू वाक्य पाठ केलंस का, एवढंच विचारतोय."

बाई मेट्रोने गेल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर रामरती बसली होती. बाईंना पाहून ती रागावली असती, थुंकली असती, तर बरं झालं असतं. ती सरकली आणि जागा केली.

"बैठिए मैडम. डर लगे तो दीवार देखिएगा. आप ही ने बताया था."

टोमणा होता की माया, बाईंना आजतागायत कळलेलं नाही.

पिंजऱ्यात उभ्या राहिल्यावर बाईंनी धरायला खुर्चीचा हात चाचपला. शेकडो साक्षी दिल्या, पण सगळ्या वेताच्या खुर्चीत बसून. सरकारी वकिलांनी विचारलं, रामरती चेंबरमध्ये किती वेळा आली? "एक बार" म्हणायचं ठरलं होतं. बाई म्हणाल्या, "तीन... शायद तीन बार." तोंडातून गेलं खरं.

साहेब स्वतःचा खटला स्वतःच लढवत होते. उलटतपासणीला उठले, काळा कोट नव्हता, साधा पांढरा शर्ट. हिंदीत दोन सोपे प्रश्न विचारले, मग बाई पुन्हा अडखळल्या. तेव्हा तेरा वर्षांच्या सवयीने, आवाजही न बदलता, ते मराठीत म्हणाले, "बाई, एकदाच आली म्हणा. आपलं ठरलंय ना तसं."

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "इन्होंने क्या कहा?"

दवाई का टाइम. शब्द जिभेवर तयार होते. बाईंनी सवयीने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीखालच्या बाकावर रामरती बसली होती, हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारखी.

"इन्होंने कहा," बाई म्हणाल्या, "एक ही बार आई थी, ऐसा बोलिए. हमारा तय हुआ था." आणि मग कुणी विचारलं नसताना, "जज साहब, सिर पर रोशनी वाली जो बात थी, वो इसकी नहीं थी. मैंने सिखाई थी."

सरकारी वकील लिहायचं विसरले. राजोपाध्ये साहेबांनी बाईंकडे पाहिलं. राग नव्हता, हेच वाईट. चेंबरमध्ये बाईंचं उत्तर चुकलं की ते असेच पाहायचे, पुन्हा पहिल्यापासून घेऊया म्हणून. आज पहिल्यापासून काहीच घेता येणार नव्हतं. "और कुछ नहीं पूछना," ते म्हणाले आणि खाली बसले. एकदम म्हातारे दिसले.

बाहेर पायऱ्यांवर रामरतीने बाईंना गाठलं. आभार नाहीत, शिव्या नाहीत. पदर सावरत तिने विचारलं, "मैडम, अब वो लड़का पकड़ा जाएगा?"

तेरा वर्षं बाईंकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असायचं. "पता नहीं, रामरती," त्या म्हणाल्या आणि तिच्याशेजारी पायरीवरच बसल्या.