असा म्हणजे कसा

रविवारच्या ऑनलाइन नृत्यवर्गात मी कॅमेऱ्यापासून लांब उभी राहते आणि माइक बंद ठेवते. महिन्यापूर्वी सुनंदाकाकू वर्गात आल्या. त्यांना दिसत नाही. शिकवणाऱ्या ताई सवयीने "हात असा न्या" म्हणाल्या, तेव्हा काकूंनी विचारलं, "अगं, असा म्हणजे कसा?" तेव्हापासून ताई प्रत्येक हालचाल बोलून शिकवतात.

काल प्रत्येकीने स्वतः रचलेली हालचाल नुसती सांगायची होती, बाकीच्यांनी ती ऐकून करायची. माझी पाळी आली, मी माइक चालू केला. मी इंग्रजी शाळेतली. मराठीत चारचौघींसमोर बोलायचं म्हटलं की शब्द आधी इंग्रजीतच सुचतात.

"बोल गं बाई, हात वर धरून दुखायला लागला माझा!" काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

"दुधावरचं गरम झाकण उचलताना," मी म्हटलं, "वाफ लागू नये म्हणून मान मागे जाते ना, तसं."

काकूंनी हवेतलं झाकण उचललं. मान मागे गेली, आणि दूध उतू जायच्या आत पोचल्याचं समाधान चेहऱ्यावर उमटलं. ते मी सांगितलं नव्हतं. सांगितल्याने नाच आटतो, असं मला वाटायचं. इथे तर तो वाढून परत आला होता.

"आणि पाय?" काकूंनी विचारलं.

पायांचा मी विचारच केला नव्हता. माइक बंद करायला गेलेला हात मी मागे घेतला.