औटकीचं पान

वडील निवृत्त गणित शिक्षक. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांची औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मध्येच तुटू लागली. उत्तरं मी सांगू शकतो. माझा व्यवसायच हिशेबाचा. पण त्यांना उत्तर नको असतं. त्यांच्या आजोबांनी ज्या शब्दांत पाढा घोकून घेतला, ते जुने शब्द हवे असतात. ते शब्द शिळाप्रेसवर छापलेल्या एका अंकलिपीत होते. तिची एक प्रत पेठेतल्या जुन्या ग्रंथालयात, दुर्मिळ विभागात असल्याचं कळलं. अर्ज केला, परवानगी मिळाली.

ग्रंथपालबाईंनी पुस्तक उशीवर ठेवलं. वडिलांनी सवयीने बोट जिभेला लावलं.

"अहो काका, थुंकी नको! हात लांब ठेवा."

आयुष्यभर वर्गाला हाताची घडी घालायला लावणारे वडील स्वतः घडी घालून बसले. बाई पातळ पट्टीने पानं उलटू लागल्या. पावकी, निमकी, सवायकी. प्रत्येक पानागणिक उशीवर कागदाचा चुरा पडत होता. दिडकी आली आणि बाई थांबल्या. पुढचं, औटकीचं पान तिलाच चिकटलं होतं.

"पूर्वी कुणीतरी चांगल्या मनाने चिकटपट्टी लावलीय. ओढलं तर अक्षरं पट्टीबरोबर येतील."

"याचे फोटो काढलेले नाहीत?" मी विचारलं.

"यादीत आहे. यादी मंजुरीला गेलीय. तोवर पुस्तक टिकलं तर काढू."

"मग ओढाच," वडील म्हणाले. "नाहीतरी ही औटकी आता कुणाला हवीय?"

"एकच प्रत आहे, काका."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. दोघांचंही बरोबर होतं.

शेवटी बाईंनी ती जोडपानं अलगद उजेडासमोर धरली. वडिलांनी भिंग लावलं. दिडकी आणि औटकी एकमेकींत मिसळून आरपार दिसत होत्या. कुठलं अक्षर कुठल्या पानावरचं, ते कळेना. बराच वेळ ते ओठ हलवत राहिले. मग म्हणाले, "मिटा."

रिक्षात त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. बारापर्यंत नीट आले.

"तेरा औटे..."

मी थोडं थांबलो. मग राहवेना. "साडेपंचेचाळीस."

"आकडा येतो रे मला," ते म्हणाले आणि बाहेर बघू लागले.