पार्बता आमच्याच वर्गातली होती

तुम्ही मला चांगला माणूस समजता. समजू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी समजू नका.

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला ठाऊक नाही, भावांना नाही, आणि ज्या पोरापोरींना मी वर्षानुवर्षं शिकवलं त्यांना तर नाहीच. आता सांगतो आहे तेही मन भरून आलं म्हणून नव्हे. मला राग आलाय. कुणाचा? — थांबा. ते आधीच सांगून टाकलं तर बाकीचं सांगायला नको, आणि मी नेमकी तीच पळवाट शोधतोय.

तेव्हा सुरुवातीपासून.

छप्पन साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. अमरावतीला अंबागेटच्या आत एका दुमजली घरात आमचा कार्यकर्त्यांचा वर्ग चाले. खेड्यापाड्यांतली तरुण पोरं-पोरी निवडायची, वर्षभर ठेवून घ्यायची, जेवणाखाण्यापुरतं विद्यावेतन द्यायचं आणि शिकवायचं — सभा कशी घ्यावी, अर्ज कसा करावा, कायदा काय म्हणतो, भेदरलेली माणसं एका जागी कशी आणावीत. शेवटचे काही महिने एखाद्या गावी राहून प्रत्यक्ष काम. शिकवणारा मी. घर मात्र अकोटच्या एका शेठजींचं. अकोटला त्यांची जिनिंग फॅक्टरी होती. ते खादी घालत, वर्ग चालवणाऱ्या आमच्या कमिटीचे अध्यक्ष होते आणि घराचं भाडं घेत नसत.

पार्बता वर्गात आली ती सुदामकाकांमुळे. सुदामकाका म्हणजे तिचे वडील. नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या शेतात ते माझ्या वडिलांच्या तरुणपणापासून मजुरीला होते. आमच्या घरात सगळे त्यांना ‘सुदाम्या’ म्हणत. मी शिकून आल्यावर ‘काका’ म्हणायला लागलो, आणि आपण केवढे सुधारलो याचा मला फार अभिमान वाटे. छप्पनला ते नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. आल्यापासून त्यांनी आमच्या घराच्या पायरीखाली उकिडवं बसणं सोडलं. जे काही बोलायचं ते उभ्यानं बोलत. माझ्या वडिलांना ते खुपलं. मला आवडलं — खरंच आवडलं, खोटं नाही सांगत.

एक दिवस ते लेकीला घेऊन अमरावतीला आले. सातवी पास झालेली, अठराएक वर्षांची, काळीसावळी, कुणाकडेही नजर न चुकवता बघणारी पोर. मला म्हणाले, “गुरुजी, लगन पुढच्या साली करू. आधी हिले बोलाले शिकवा. माह्या तोंडातून जे निंघालं नाई, ते हिच्या तोंडातून निंघू द्या. तुमच्या भरवशावर ठेवून चाललो.”

तिला बोलायला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी काही सांगितलं की ती विचारायची, “काहून?” म्हणजे ‘का?’ एवढंच. पुन्हा सांगितलं की पुन्हा “काहून?” बाकीची पोरं हसायची. मीही हसायचो. आतून मला ते बोचायचं, हे मी तेव्हा कबूल केलं असतं का? छे.

प्रत्यक्ष कामासाठी मी तिला अकोटला पाठवलं. शेठजींच्याच फॅक्टरीत, कारण परवानगी सहज मिळाली. दुपारच्या सुट्टीत तिथल्या बायांना अक्षरओळख द्यायची, राहायचं त्याच बायांच्या वस्तीत. शेठजी खूश होते. अक्षरओळखीनं कुणाचं काय बिघडतं?

ज्यानं जिनिंग आतून पाहिली नाही त्याला सांगतो. रेच्यांवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, कापूस घालणाऱ्या बाया दिवसभर उडत्या तंतूंत उभ्या असतात. नाकातोंडात कापूस, घशात कापूस. पाण्याशिवाय तिथं माणूस उभा राहू शकत नाही. पाण्याचा रांजण होता, पण दीक्षा घेतलेल्या घरांतल्या बायांनी त्याला हात लावायचा नाही. पाणक्या वरून ओतणार, त्याच्या मनात येईल तेव्हा. आमचे शेठजी, आमचे अध्यक्ष — त्यांच्या आवारात हे चालायचं, आणि मी त्या आवारात कितीतरी वेळा गेलो होतो. रांजण मला दिसला नव्हता का? दिसला होता.

उन्हाळा तापला. एक म्हातारी बाई रेच्याजवळ कोसळली. पाणक्या जागेवर नव्हता. पार्बतेनं सरळ रांजणात तांब्या बुडवला आणि त्या बाईच्या तोंडाला लावला. मुकादमानं तिला शिव्या घातल्या आणि रांजण आवारातच उपडा केला — विटाळला म्हणून. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि बाया आत गेल्याच नाहीत. फाटकात बसल्या. नुसत्या तिच्या वस्तीतल्याच नव्हे, कुणब्यांच्या, माळ्यांच्याही. सगळ्यांना एकच रांजण, नाहीतर रेचे बंद.

रेचे बंद पडले.

मला शेठजींचा निरोप आला. मी एस.टी.नं अकोटला निघालो, आणि त्या अख्ख्या प्रवासात माझ्या मनात काय होतं, ते आज सांगतो. भीती होती. घर जाईल, वर्ग मोडेल, माझी जागा जाईल. पण नुसती भीती असती तर मी हे कधीच बोलून मोकळा झालो असतो. भीतीला लोक माफ करतात. मला तिचा राग आला होता. मी जन्मभर फळ्यावर जे लिहीत आलो, ते त्या पोरीनं करून दाखवलं होतं, आणि मला न विचारता! कुणबी बाई आणि बौद्ध बाई एका फाटकात बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि बसवल्या होत्या माझ्या शेतमजुराच्या लेकीनं. ‘माझ्या शेतमजुराच्या’ — हो, हेच शब्द. काका म्हणणाऱ्या माझ्या डोक्यात हेच शब्द होते.

फॅक्टरीच्या हापिसात शेठजी होते, फौजदार होता, आणि भिंतीशी पार्बता उभी होती. मला पाहून तिचा चेहरा एकदम सैल झाला. आपलं माणूस आलं, असा.

शेठजी शांतपणे म्हणाले, “गुरुजी, ही म्हणते मी तुमच्या वर्गाची. असेल तर हे सगळं तुम्हीच करवलं असं मी धरीन. नसेल तर मग फौजदारसाहेब बघतील.”

मी म्हणालो, “हिला वर्गातून काढून महिना झाला. ही आमची नाही.”

असं अडखळत, अवघडलेल्या आवाजात म्हणालो असतो तरी एक वेळ ठीक. तसं नव्हतं. मी स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणालो.

पार्बता म्हणाली, “गुरुजी, तुमी खोटं बोलून राहिले.”

फौजदार हसला. शेठजीही हसले. आणि मी — मीही हसलो.

वर्गातली नाही म्हणजे परवानगी नाही, परवानगी नाही म्हणजे परक्याच्या आवारात शिरून दंगा. तिला अकोटच्या कोठडीत आणि तिथून अकोल्याच्या तुरुंगात नेलं. बाया कामावर गेल्या. ज्या पुढं बसल्या होत्या त्यांना फाटकातून आत घेतलं नाही. रांजण दोन झाले, पाणक्या तोच राहिला.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच कबुलीजबाब. शेठचा दबाव, फौजदार समोर, माणूस घसरतो. नाही. इथवरचं मी स्वतःशी कैकदा बोललोय आणि दर वेळी शेठला शिव्या देऊन झोपलोय. खरं पुढंच आहे.

थोड्या दिवसांनी सुदामकाका अमरावतीला आले. पार्बता अजून अकोल्यातच होती. वर्गाची सुट्टी होती, घरात कोणी नव्हतं. शेठ नव्हता. फौजदार नव्हता. मी आणि ते, दोघंच. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

म्हणाले, “पोरगी सांगते, मले काहाडलंच नाई म्हणते. गाव म्हणते गुरुजी खोटं कायले बोलतीन? मले काईच समजून नाई राहिलं. तुमी सांगा. तुमी जे सांगान ते मी मानतो.”

एक शब्द पुरे होता. ‘नाही काढलं, काका.’ तो ऐकून ते काय करणार होते? शेठकडे जाणार होते? माझं घर जाळणार होते? काहीही करणार नव्हते. अकोल्याला जाऊन लेकीला पोटाशी धरणार होते. एवढंच.

मी म्हणालो, “काका, पोरगी खोटं बोलते.”

त्यांची मान खाली गेली. नागपूरहून आल्यापासून जो माणूस माझ्या बापासमोर वाकला नव्हता, तो माझ्यासमोर वाकला आणि हात जोडून म्हणाला, “माफ करजा गुरुजी. म्या तिले असं शिकवलं नव्हतं.”

आणि मी माफ केलं! ऐकताय ना? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जाऊ द्या काका, लहान आहे अजून.

ती सुटल्यावर त्यांनी तिला अकोल्याहून परत आणलं ते एक शब्द न बोलता. त्याच उन्हाळ्यात परतवाड्याच्या आरामशीनवर लाकडं कापणाऱ्या एका मजुराशी तिचं लग्न उरकलं. ती शपथा घेत राहिली, बाप ऐकत नव्हता. पुढं काही वर्षांनी ते वारले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचा भाऊ मला मोठ्या आदरानं म्हणाला, “शेवटपर्यंत तुमचं नाव काहाडत होता. म्हणे, गुरुजीनं माफ केलं म्हून गावात तोंड दाखवता आलं.” पार्बता तिथंच बायकांत बसली होती. तिनं ऐकलं. मी चहा घेतला आणि निघालो.

लेक खोटारडी निघाली, असं समजून तो माणूस मेला. ती खोटारडी नव्हती. खोटारडा समोर बसून चहा पीत होता.

राग कुणाचा, ते आता कळलं असेल. पण अजून संपलं नाही. त्यानंतर दोनेक वर्षांनी नव्या वर्गासाठी पोरं निवडायला मी परतवाड्याला गेलो. ज्याच्या-त्याच्या तोंडी पार्बता. आरामशीनवरच्या, लाकडाच्या टालांवरच्या बायांना तिनं एकत्र आणलं होतं. कुणाची मजुरी बुडाली की बाया तिच्याकडे जात. एका ओळखीच्या मास्तरांनी कौतुकानं विचारलं, “तुमच्याच वर्गातली ना ती?”

मी म्हणालो, “हो. आमचीच.”

काय वाटलं असेल मला? बरं वाटलं. छाती फुगली.

दुपारी ती एस.टी. स्टँडवर दिसली. सोबत बाया होत्या, मजुरीच्या तक्रारीसाठी अमरावतीला कचेरीत निघालेल्या. मी जवळ गेलो. म्हणालो, “पार्बता, तेव्हाचं… मला तुला सांगायचंय.”

तिनं मला पुरतं बोलूही दिलं नाही. आवाज चढवला नाही, बायांना ऐकू जाऊ नये याची काळजी घेतली — माझी अब्रू राखली तिनं, माझी!

“मले काहून सांगता? मले तं माहीतच हाये. ज्याले सांगाचं होतं तो मरून गेला.”

गाडी लागली. ती बायांना पुढं करून चढली. मलाही त्याच गाडीनं यायचं होतं. मी चढलो नाही, मागच्या गाडीनं आलो.

त्या आठवड्यात कमिटीची बैठक झाली. शेठजी अध्यक्षस्थानी होते. परतवाड्याकडं काम करणारं कोणी भेटलं का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “नाही. नाव घेण्यासारखं कोणी नाही.”