खाडीत उजाडलं तेव्हा

फोंड्याला मला बशीशिवाय चहा मिळाला. सभ्य माणसांवरील अन्यायांच्या इतिहासात याची नोंद व्हावी. घाटात गाडी दोनदा तापली, तांबड्या धुळीनं धोतर विटकरी झालं, ते मी सोसलं. पण पेल्यानं बोटं भाजून घेणं नाही. तोंडवलीला मास्तर असलेल्या मेव्हण्यानं ‘हवापालटाला या’ असं लिहिलं होतं. गेलो.

जाणाऱ्यांनी मालवणात बारा आण्यांत बांगडा-भात खावा आणि उजेड असताना रेवंडीची होडी गाठावी. मी पुन्हा भात मागितला आणि दिवेलागणीला पोचलो. होडीत तिघं: होडीवाला बाबल, पोर मांडीवर घेतलेली जनाबाय आणि मी. नव्या पैशांवर बाबलचा विश्वास नव्हता; त्यानं जुना आणाच घेतला.

खाडीच्या मध्यावर अचानक उजाडलं. एक हिरवट गोळा माडांच्या शेंड्यांवरून समुद्राकडे निघाला होता. आमच्या सावल्या पाण्यावर गर्रकन फिरल्या. आवाज कसलाच नाही. वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला भूत दिसत नाही, अणुबॉम्ब दिसतो. मी ताडकन उभा राहिलो.

“बसा खाली, पावण्यानू! होडी कलांडतली!” बाबल ओरडला. पाणी आत आलं. मला धरायला त्यानं हात पुढे केला आणि वल्हं निसटून वाहत गेलं.

गोळा विझला. सुटलो म्हणतोय तोच आभाळ फुटल्यासारखा धडाका झाला. पोर किंचाळलं.

“ओहोटी आसा रे, बाबल,” जनाबाय म्हणाली. “दर्याकडे ओढता.” ती हे अगदी हळू बोलली.

बाबल बसायची फळी उचकटून वल्हवू लागला. मी करवंटीनं पाणी उपसत होतो. लाटा जवळ ऐकू येत होत्या.

“शिकलेले मोठे!” जनाबाय मला म्हणाली. “माझ्या पोराक काय झाला तर तुमका सोडूचंय नाय.”

बाबलनं गाऱ्हाणं घातलं. “बा देवा रवळनाथा! ह्या लेकरांक काठार लाव. ह्या पावण्याचा काय चुकला तर पदरात घे. हरएक जण तुका नारळ देतलो रे महाराजा!”

अशा गाऱ्हाण्यांची मी आजवर छापून थट्टा केली आहे. “व्हय महाराजा!” सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो.

होडी वाळूला लागली तेव्हा पोर झोपलं होतं. जनाबाय माझ्याकडे न बघता उतरली.

ती उल्का होती, असं मेव्हणा म्हणाला. तोंडवलीचा किनारा लांबलचक, मासळी ताजी. जरूर जा. होडीत मात्र बसून राहा.

पुण्यात मी सगळ्यांना उल्का सांगितली. उभा राहिलो ते नाही. मंडईतून एक नारळ आणला.

“कशाला?” बायकोनं विचारलं.

“आमटीला.”

ती शेजारी गेल्यावर मी तो मागच्या पायरीवर फोडला. हात जोडून पोराचं नाव घ्यायला गेलो, तर ते मी विचारलंच नव्हतं.